पाठकोऱ्या पत्रिका

"हे काय आणलंस?" द्वारकामावशीनं विचारलं.

"बॉक्स फाइल."

"आणि हे?"

"तीही बॉक्स फाइलच. चार आहेत."

मावशीनं एक फाइल उचलली, कानाशी धरून हलवून बघितली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "रिकामीच की रे. पुण्याहून येताना लोक बाकरवडी आणतात, दिगोबा. तू खोकी आणलीस."

मी रागावलो नाही. अडाणी माणसांवर रागवायचं नसतं, त्यांना शिकवायचं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी तेवीस वर्षांचा होतो. बी.कॉम. झालो होतो. भोसरीच्या एका कारखान्यात हिशेबनीसाच्या हाताखाली लागून मला आठ महिने झाले होते, आणि जगातल्या सगळ्या अडचणी कागद नीट न लावल्यामुळे येतात असं माझं ठाम मत बनलं होतं. आईचं पत्र आलं, "मावशीला इन्कमटॅक्सची नोटीस आली आहे, तू जाऊन जरा बघ," तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. चार बॉक्स फाइली, चिकटपट्टी, रंगीत पेनं आणि पंचिंग मशीन घेऊन मी वाईला येऊन थडकलो. साल एकोणनव्वद, श्रावण महिना.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. काका तांबट. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, तेही भाड्याच्या जागेत. काका गेले, दुकान सुटलं, आणि न विकलेली भांडी तेवढी मावशीच्या पदरात पडली. मूलबाळ नव्हतं. तिनं ती भांडी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून रचली आणि लग्नकार्याला भाड्यानं द्यायला लागली. सकाळी सात ते अकरा खानावळीत पोळ्या लाटायची, त्यावर पोट चालायचं. भांड्यांचं भाडं येईल ते एका तपेल्यात टाकायची आणि त्यावर दुसरं तपेलं उपडं घालायची. अकरा वर्षं तिनं हे केलं. वर यायला चौदा पायऱ्या होत्या. पन्नास माणसांचं पातेलं घेऊन चौदा पायऱ्या उतरायच्या आणि लग्न उरकलं की घासूनपुसून परत चढवायचं. साठीला आल्यावर गुडघे बोलायला लागले. मग तिनं तपेलं उघडलं आणि रविवार पेठेत रस्त्यालगत एक गाळा घेतला. चोपन्न हजार रुपये रोख. आयुष्यात तिच्या नावावर झालेली पहिली जागा.

आणि सहा महिन्यांनी नोटीस आली. हे चोपन्न हजार आणले कुठून?

साताऱ्याचे खटावकर वकील इन्कमटॅक्सची कामं करायचे. त्यांनी चिठ्ठी पाठवली होती, ती मावशीनं मला वाचायला दिली. पैसे थोडे थोडे करून दरवर्षी कमावलेले आहेत असं दाखवता आलं, तर एक पैसाही भरावा लागणार नाही, कारण वर्षाची कमाई करपात्र नाहीच. दाखवता आलं नाही, तर सगळी रक्कम एकाच वर्षाची कमाई धरतील. त्यावर कर लागेल, वर दंड लागेल. तो भरायला गाळा विकावा लागेल. तेव्हा येत्या सोमवारी अकरा वाजता धंद्याचे सगळे कागद वर्षवार लावून घेऊन या.

"वर्षवार," मी बोट ठेवून दाखवलं. "बघ. हेच मी म्हणत होतो."

"लावलेलेच आहेत की," मावशी म्हणाली.

मी खोलीभर नजर फिरवली. पातेल्यांत पातेली, परातींवर पराती, छतापर्यंत. मधल्या बोळकंडीत तिची गादी. मला हसू आलं. "तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "उद्या सकाळी तू पोळ्यांना जा. तू येईपर्यंत सगळं तयार असेल."

"काही अडलं तर विचार हो."

"मला काय अडायचंय?"

शनिवारी ती गेली आणि मी बाह्या सरसावल्या. पोह्यांच्या डब्याखाली विजेची बिलं सापडली. देवाच्या फोटोमागे रेशनकार्ड, काकांचा मृत्यूचा दाखला, रेडिओच्या लायसनची पावती. गादीखाली गुडघ्याचा एक्स-रे आणि गाळ्याचं खरेदीखत. मी एकेक कागद इस्त्री केल्यासारखा सरळ केला, भोकं पाडली, फायलींत लावला. पाठीवर लेबलं चिकटवली, घर, गाळा, वैद्यकीय, किरकोळ. किरकोळचं लेबल तांबड्या शाईनं. दोन तासांत खोलीला ऑफिसची कळा आली असं मला वाटलं.

राहिलं होतं कोपऱ्यातलं सगळ्यात मोठं पातेलं. झाकण उघडलं, तर आत काठोकाठ लग्नपत्रिका! परकराच्या नाडीनं बांधलेले अकरा गठ्ठे. ज्याच्या घरी भांडी जायची, तो मावशीला पत्रिका द्यायचा, हे मला माहीत होतं. पण त्या कुणी साठवून ठेवतं का? मी एक पत्रिका ओढून काढली. पुढे गणपती, खाली चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. मागे पेन्सिलीनं खरडलेलं होतं, "मो.पा. २, ल.पा. ४, प. ३, झा. ५, ता. २००," आणि कडेला एक आकडा. दुसरी काढली, तिच्यावरही तसंच. म्हातारी माणसं कागद वाया घालवत नाहीत. पाठकोरी पत्रिका दिसली की वाणसामानाची यादी करतात, आमची आईही करते. मी पत्रिका परत गठ्ठ्यात खुपसली.

आता ह्यांचं करायचं काय? रद्दीत घालणं शक्य नव्हतं, प्रत्येकीवर गणपती. आमच्या घरी पत्रिका कधी केरात गेली नाही की रद्दीत गेली नाही. आई त्या वर्षातून एकदा नदीत सोडायची. मी बी.कॉम. झालो असलो तरी इतका पुढारलेला नव्हतो. दोन पिशव्यांत गठ्ठे भरले, घाटावर गेलो. कृष्णा दुथडी भरून वाहत होती. पत्रिका तरंगत लोकांच्या पायाशी जाऊ नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला मी दगड बांधला. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून अकराच्या अकरा गठ्ठे खोल पाण्यात सोडले आणि हात जोडले. कामात शिस्त आणि मनात भक्ती. स्वतःचं फार कौतुक वाटलं मला.

साडेअकराला मावशी आली. मी चारी फाइली ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला, "छान," म्हणाली. मग कोपऱ्यात गेली. पातेल्याचं झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली.

"ह्यात पत्रिका होत्या."

"हो. त्या नदीत सोडल्या मी. गणपती होते ना."

"सगळ्या?"

"सगळ्या. अगदी व्यवस्थित. दगड बांधून."

"दगड बांधलास?"

"मग! वर यायला नकोत."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, एवढ्या बारीक गोष्टीचा मी विचार केला ह्याचं तिला आश्चर्य वाटतंय. तिनं झाकण हळूच परत ठेवलं. "हुशार आहेस," ती म्हणाली. "चल, हात धू. जेवून घेऊ."

जेवायला बसली, पण तिला भूकच नव्हती. पोळ्यांच्या चुलीपुढे बसून आल्यावर अन्नावरची वासना जाते म्हणाली. रविवारी तर कमालच झाली. सकाळपासून खिडकीत बसली, डोळे मिटलेले, ओठ हलतायत, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय. एक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच डोळे उघडायची, भिंतीकडे बघायची, "नाही, ती धाकटी. थोरलीचं आधी झालं," असं काहीतरी पुटपुटायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

"जप करतेस का गं?" मी विचारलं.

"जपच म्हण."

"इतकी काय घाबरतेस? फाइली आहेत आपल्या."

"आहेत बाबा," ती म्हणाली. "त्यांचाच आधार."

सोमवारी साडेआठच्या एसटीनं साताऱ्याला निघालो. चारी फाइली मी मांडीवर घेतल्या होत्या. पाचवडला गर्दी वाढली, एका बाईनं "हितं ठेवा की वो वर," म्हटलं, तरी मी सोडल्या नाहीत.

खटावकर वकिलांचं ऑफिस बघून माझा हिरमोड झाला. एकही बॉक्स फाइल नव्हती. टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीत कापडात बांधलेली दप्तरं. मधोमध वकील, टक्कल पडलेले, कोटाच्या कोपराला ठिगळ. "बसा, द्वारकाबाई," ते म्हणाले आणि एका खुर्चीवरचं दप्तर उचलून दुसऱ्या दप्तरावर ठेवलं. "हे कोण?"

"माझा भाचा, दिगंबर. बी.कॉम. आहे."

"अरे वा. मग काळजीच मिटली." त्यांनी पहिली फाइल उघडली. दुसरी उघडली. एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे काय?"

"गुडघा," मी म्हणालो. "वैद्यकीयमध्ये लावलाय."

"गुडघा आहे ते दिसतंय मला." त्यांनी चौथी फाइल मिटली. चारी एकावर एक ठेवल्या आणि चष्मा काढला. "बाई, लावलंय फार सुंदर. पण ह्यात तुमच्या धंद्याचा एक कागद नाही. कुणाला भांडी दिली, कधी दिली, काय भाडं घेतलं? मागे तुम्ही म्हणाला होतात, सगळं लिहिलेलं आहे म्हणून."

"होतं की," मावशी म्हणाली. "पत्रिकांच्या मागं होतं. ज्याच्या घरी भांडी गेली, त्याच्याच पत्रिकेमागं लिहायची मी. पुढं नाव, गाव, तिथी छापलेली असतेच. मागं किती भांडी गेली, किती आली, भाडं किती. वर्षाचा एक गठ्ठा."

माझ्या कानांत एसटीचं इंजिन सुरू झाल्यासारखा आवाज यायला लागला. मो.पा. म्हणजे मोठी पातेली. ल.पा. म्हणजे लहान. झारे पाच, ताटं दोनशे. आणि कडेचा आकडा!

"मग आहेत कुठं त्या पत्रिका?"

मावशीनं पदर सारखा केला. "माझंच डोकं फिरलं, साहेब. श्रावणात घर आवरायला काढलं. गणपती पायाखाली येतात म्हणून नदीत सोडल्या मी. आता अडाणी बाईला काय कळतंय?"

वकील खुर्चीतून अर्धे उठले. "नोटीस आल्यावर? बाई, नोटीस हातात असताना तुम्ही हिशेब नदीत सोडलेत? अहो, तुमचा तो गाळा! तो गेला म्हणून समजा तुम्ही!"

मावशी मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्याकडे बघत होतो. शनिवारपासून हिला ठाऊक होतं. झाकण उचललं तेव्हाच कळलं होतं, आणि वर मला जेवायला वाढलं होतं. वकील बोलत होते, अकरा वर्षांची अक्कल, एका दिवसाचा मूर्खपणा, असं काय काय. मी गप्प बसलो असतो तर ते कधीच कुणाला कळलं नसतं. आणि मी गप्प बसलो होतो. बराच वेळ. किती ते आजही नीट सांगवत नाही.

"मी सोडल्या," मी म्हणालो.

"काय?"

"तिनं नाही. मी सोडल्या, शनिवारी. ती पोळ्यांना गेली होती. मी मागचं वाचलंसुद्धा होतं, ता. दोनशे वगैरे. मला वाटलं, किराणा आहे."

वकिलांनी चष्मा पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "किराणा," ते म्हणाले. "दोनशे ताटांचा?"

मी मान हलवली.

"दगडही बांधले होते त्यानं," मावशी म्हणाली. "काम एकदम पक्कं असतं त्याचं."

आणि खटावकर वकील हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, कोटाच्या बाहीनं पुसलं. मावशीही हसली. मी हसलो नाही. मला रडू येत होतं आणि तेविसाव्या वर्षी वकिलासमोर रडायचं नव्हतं.

"साहेब," मावशी म्हणाली, "मला सगळी लग्नं आठवतात. काल दिवसभर मोजली. तीनशे चोपन्न भरली. विचारा कुठलंही साल."

"ब्याऐंशी."

"ब्याऐंशीला पहिलं ननावऱ्यांचं. थोरली पोर, जयश्री. माघात. तीन मोठी पातेली, सहा पराती, एकशे वीस भाडं. एक झारा हरवला, त्याचे चार निराळे दिले त्यांनी. मग गंगापुरीतल्या शेलारांचं…"

वकिलांनी हात वर केला. "बाई, माझा विश्वास आहे. पण इन्कमटॅक्सच्या साहेबांसमोर आठवण चालत नाही, कागद लागतो. ह्यातलं दुसऱ्या कुणी कुठं लिहून ठेवलंय का?"

"ठेवलं असेल की. लग्नघरात वही असतेच. खर्च कुणाला किती दिला आणि आहेर कुणाचा काय आला. ती कोण टाकून देतंय? आहेर उलटा करायला लागतो ना."

वकील एकदम सरळ बसले. "तेवीस तारखेला सुनावणी आहे. सोळा दिवस आहेत. वह्या बघा, त्यात बाईंचं नाव सापडलं की त्या पानाची नक्कल आणि घरच्या कर्त्याची सही. जमेल तेवढ्या आणा." मग माझ्याकडे वळले. "हे मात्र बी.कॉम.चं काम आहे हं. ह्या फाइलींत आता काहीतरी भरा."

येताना एसटीत मी मावशीला विचारलं, "शनिवारीच का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू नदीत उडी टाकली असतीस. पोहता येत नाही तुला. तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"आणि वकिलांना खोटं का सांगितलंस?"

"मला त्यांच्या हाताखाली नोकरी करायची नाही," मावशी म्हणाली. "मला मूर्ख म्हणाले तर माझं काय जातंय?" आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कारखान्याला तार केली, रजा वाढवली. दुसऱ्या दिवशी मावशी आठवून बोलत गेली आणि मी तिची यादी उतरवली, पेठ-पेठ, गल्ली-गल्ली. मग घरं पालथी घालायला निघालो. पहिलं ननावऱ्यांचं. हौसाबाई ननावरे भाजी निवडत होत्या. मी चाचरत चाचरत आमची अडचण सांगितली.

"गाळा जायाचा म्हंता?" त्या ताडकन उठल्या. आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. तळातून तेलकट वही निघाली. मी पानं उलटली. खर्चाच्या पानावर, मांडववाला आणि आचारी ह्यांच्या मधे, लिहिलं होतं, "द्वारकाबाई, भांडी, १२०. झारा हरवला, ४." त्या चार रुपयांकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो. मग नक्कल केली. हौसाबाईंनी सही नाही, अंगठा दिला, आणि शाईचा अंगठा तसाच माझ्यासमोर नाचवून म्हणाल्या, "आजून पायजे तर दुसराबी घ्या."

गंगापुरीत शेलारांकडे मात्र खर्चाच्या पानावर मावशीचं नाव नव्हतं. मी दोनदा बघितलं. यादीत तर होतं, तारीखही बरोबर. घरातले म्हातारे दादा शेलार ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "फुडं बघा. आहेराच्या पानावर आसंल."

होतं. साडी, लोटी, अकरा रुपये, पाच रुपये, ह्यांच्याखाली, "द्वारकाबाई तांबट. भांड्यांचं भाडं घेतलं नाही. १४०."

मी मावशीकडे बघितलं. ती चप्पल नीट करायला खाली वाकली. "त्या वर्षी त्यांचा बैल गेला होता रे. कसं मागायचं?"

"आणि तपेल्यात काय टाकलंस?"

"काय टाकणार? पत्रिकेमागं आहेर म्हणून लिहिलं आणि गठ्ठ्यात घातली."

दादा शेलार काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "सात वर्सं झाली. त्यो आहेर आजून आमच्या डोक्यावर हाय. उलटा करावा, तर बाईंच्या घरी कार्यच नाही. पोर नाही, मुंज नाही, लगीन नाही. आमी करायचा कंदी?"

असं नंतर घराघरांतून ऐकलं. लोणारवाड्यात एका परटिणीनं, रविवार पेठेत एका शिंप्यानं, धोमच्या एका मास्तरांनी हेच सांगितलं. एकाच्या घरी आजारपण, एकाची पोर दुसरेपणावर दिलेली, एकाची नोकरी गेलेली. मावशी प्रत्येक वेळी चप्पल नीट करायला वाकायची. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "तुझ्या चपलेला काय झालंय एवढं?" तर म्हणाली, "तू चल पुढं."

मी मात्र मनातून हबकलो होतो. बाहेर आल्यावर बोललो एकदा. "मावशी, चोपन्न हजार दाखवायचेत आपल्याला. ही न घेतलेली भाडी उपयोगाची नाहीत. उलट साहेब विचारतील, ही बाई धंदा करते का धर्मादाय? ही पानं गाळून टाकू."

"लिहिलेलं गाळायचं नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "एक झालं गाळून तुझं, तेवढं पुरे."

पंधरा दिवसांत दोनशे सात घरच्या नकला जमल्या. काही वह्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, काही माणसं गाव सोडून गेली होती. वर्षवार लावल्या. ह्या वेळी प्रत्येक कागद मी तिला विचारून लावला. दोनशे सातांत एक्केचाळीस घरं आहेराची होती.

सुनावणीच्या दिवशी खटावकर वकील आणि मावशी आत गेले, मी बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी माझ्या पिशवीत पेढे होते, आईनं पाठवलेले, आणि मला ते बाहेर काढायची हिंमत नव्हती. तासाभरानं दोघं बाहेर आली. वकिलांचा चेहरा वाचता येत नव्हता.

"काय झालं?"

"साहेबांनी सगळ्या नकला बघितल्या," वकील म्हणाले. "दोनशे सात. सावकाश. मग त्या एक्केचाळीस बाजूला काढल्या. म्हटलं, संपलं. मला विचारतात, ह्यांत एक पैसा मिळालेला नाही, मग आणल्यात कशाला? मी काय सांगणार? मी बाईंकडे बघितलं."

"मग?"

"बाई म्हणाल्या, लिहिलेलं होतं म्हणून आणलं." वकिलांनी खिशातून रुमाल काढला. "साहेब म्हणाले, खोटा हिशेब करणारा माणूस मिळालेले पैसे वाढवून लिहितो. न मिळालेले लिहायचं कुणाला सुचत नाही. बाकीच्या वह्यांची चौकशी करायची मला गरज वाटत नाही. खुलासा मान्य."

मी मावशीच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो, तर ती म्हणाली, "हळू, तोच गुडघा आहे, फाइलमधला."

गाळा गुढीपाडव्याला उघडायचं ठरलं. मावशी म्हणाली, "दिगू, पत्रिका छापून घे. शंभर."

"गाळ्याच्या पत्रिका?"

"का? लोक लग्नाच्या छापतात, मुंजीच्या छापतात. मला एवढ्या आल्या, एक तरी पाठवायला नको? आणि हे बघ, वर गणपती नको."

"गणपती नको? अगं, गणपतीशिवाय कुठं पत्रिका असते? छापखानेवाला काय म्हणेल?"

"म्हणू दे. त्याला सांग, बाईंचा नवस आहे."

छापखानेवाल्यानं माझ्याकडे बघितलं खरं विचित्र. पण छापली.

पाडव्याला सकाळी आठला पूजा होती. सव्वाआठला हौसाबाई ननावरे आल्या, हातात नवीकोरी परात. त्यांच्या मागे दादा शेलार बैलगाडीतून, गाडीत तांब्याचं पिंप. "उतरवा रं," म्हणाले, "आठ वर्सांचं वझं हाय." मग परटीण, शिंपी, धोमचे मास्तर. कुणी झारा, कुणी डाव, कुणी अकरा रुपयांचं पाकीट, एकजण तर चक्क पातेलं डोक्यावर घेऊन चालत आला होता. दहाच्या सुमाराला गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती आणि बाहेर रांग होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरं आली, वर भाडं चुकतं केलेली, आहेर न लागणारी पंधरा घरंही आली. मावशीला साठ वर्षांत कुणी आहेर केलेला नव्हता. घ्यायचा कसा, तेच तिला कळेना. परात हातात घेऊन ती नुसती उभी राहिली, आणि मग तिला रडूच फुटलं. भर गाळ्यात, पदर तोंडाला लावून, मोठ्यानं. हौसाबाईंनी तिला धरून खाली बसवलं.

जरा सावरल्यावर तिनं मला हाक मारली. "दिगू, लिही. कुणाचं काय आलं ते लिही बाबा, विसरायला होईल."

"कशावर लिहू? वही नाही आणली."

तिनं उरलेल्या पत्रिकांतली एक उचलली, उलटी केली आणि पेन्सिलीसकट माझ्या हातात दिली. "मागं कोरं आहे की."

मी लिहायला लागलो. ननावरे, परात. शेलार, पिंप. सहा पत्रिका भरल्या. मग मला आठवलं, म्हणून विचारलं, "मावशी, गणपती का नको म्हणालीस? नवस कसला होता?"

डोळे अजून ओलेच होते तिचे. "नवस कुठला?" ती म्हणाली. "गणपती असता तर तू ह्यासुद्धा नदीत सोडल्या असत्यास."

सगळा गाळा हसला. दादा शेलारांना गोष्ट माहीत नव्हती, ती त्यांना तिथल्या तिथे सांगण्यात आली, दगडांसकट. वाईत मला अजूनही काही लोक त्यावरूनच ओळखतात.

मावशी त्यानंतर सतरा वर्षं तो गाळा चालवत होती. जायच्या आधी आठवडाभर तिनं मला बोलावून घेतलं. गाळा कुणाला, भांडी कुणाला, ते सगळं ठरलेलं होतं, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. उशाखालून त्या सहा पत्रिका काढल्या, परकराच्या नाडीनं बांधलेल्या. "हे सगळं उलटं करायचं राहिलंय थोडं," म्हणाली. "एकोणीस घरं झाली माझ्याच्यानं. बाकीची तुझी."

मी रिटायर होऊन वर्ष झालं. पुण्याहून वाईला वर्षातून चार-पाचदा तरी जातो, लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला. माझी बायको म्हणते, ह्यांचे कोण आहेत हे लोक? मी नीट सांगू शकत नाही. दोघांची मिळून अठ्ठेचाळीस झाली आहेत, आठ बाकी आहेत.

परवा हौसाबाईंच्या पणतीची पत्रिका आली. हौसाबाई आता नाहीत, त्यांच्या नातवानं पाठवली. जाड, चकचकीत, पुढं मोठा गणपती. मी ती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. मी टेबलाच्या खणातली पेन्सिल काढली, लिहिलं, "ननावरे, परात," आणि परात आणायला बाजारात गेलो.